नॅनोपोर आणि रेणूंची ये-जा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅनोपोरवर, म्हणजे एकेक रेणू जाईल इतक्या बारीक छिद्रांवर, कुठे बोलणं झालं की नंतर येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींसाठी निवांत बसावं लागतं. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो. छिद्र लहान करणं हा या संशोधनातला तुलनेनं सोपा भाग आहे. खरी कसोटी लागते ती रेणूला त्या छिद्रात पुरेसा वेळ धरून ठेवण्यात. पुढची बरीचशी उत्तरं फिरून फिरून या मुद्द्यावर येतील.

नॅनोपोर म्हणजे नेमकं काय?

अतिशय पातळ पडद्यातलं, एक ते काही दहा नॅनोमीटर रुंदीचं छिद्र. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डीएनएची दुपदरी साखळी सुमारे २ नॅनोमीटर जाड असते, एकपदरी साधारण १, आणि पाण्याचा रेणू ०.३ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे इथे छिद्र आणि त्यातून जाणारा रेणू एकाच मापाचे असतात. रुंद नळीतून पाणी वाहतं तेव्हा बहुतेक रेणूंचा भिंतीशी संबंधच येत नाही. नॅनोपोरमध्ये जाणारा प्रत्येक रेणू भिंतीला खेटून जातो. त्यामुळे भिंतीवर प्रभार किती आहे, ती पाण्याला जवळ करते की दूर लोटते, तिच्यावर कोणते अणू आत डोकावत आहेत, या सगळ्यावर वाहतूक ठरते. छिद्राचा आकार हे त्यातलं फक्त एक कारण.

रेणू दिसत नाही, मग तो गेला हे कळतं कसं?

विजेवरून. पडद्याच्या दोन्ही बाजूंना क्षाराचं द्रावण भरतात, बहुधा पोटॅशियम क्लोराइडचं. दोन्हीकडे चांदीचे इलेक्ट्रोड बुडवतात आणि शंभर-दोनशे मिलिव्होल्टचा दाब देतात. पडदा वीज वाहू देत नाही, त्यामुळे आयनांना, म्हणजे द्रावणातल्या प्रभारित कणांना, जायला छिद्राचाच रस्ता उरतो. त्यांच्या वाहतुकीमुळे १०० पिकोअँपिअरच्या आसपास, म्हणजे अँपिअरच्या अब्जाव्या भागाचाही दहावा हिस्सा, इतका स्थिर प्रवाह मिळतो. आता डीएनएसारखा मोठा रेणू छिद्रात शिरला की आयनांची वाट अडते आणि प्रवाह खाली येतो. रेणू पलीकडे गेला की प्रवाह पूर्ववत.

अशा घटा तीन गोष्टी सांगतात. प्रवाह किती खाली आला यावरून रेणूची जाडी, किती वेळ खाली राहिला यावरून त्याची लांबी आणि भिंतीशी त्याचं किती जमलं ते, आणि दोन घटांमधल्या अंतरावरून द्रावणातलं त्याचं प्रमाण.

मूळ कल्पना जुनी आहे. वॉलेस कोल्टर यांनी १९५३ साली पेटंट मिळवलेल्या यंत्रात रक्तपेशी अशाच एका बारीक छिद्रातून जातात आणि विद्युतरोधातल्या बदलावरून मोजल्या जातात. आजही रक्ततपासणीत ही पद्धत वापरात आहे. तिथलं छिद्र मात्र नॅनोपोरच्या कितीतरी हजार पट मोठं. पेशीच्या पडद्यातल्या एकाच वाहिनीतून जाणारा पिकोअँपिअरचा प्रवाह मोजण्याचं तंत्र एर्विन नेहर आणि बर्ट झाकमन यांनी १९७६ मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं. नॅनोपोरचं संशोधन या दोन्हींच्या खांद्यावर उभं आहे.

इतकं बारीक छिद्र पाडतात तरी कसं?

दोन वाटा आहेत.

पहिली, निसर्गाकडून तयार घेण्याची. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू अल्फा-हिमोलायसिन नावाचं विष सोडतो. त्याचे सात सारखे घटक एकत्र येऊन दुसऱ्या पेशीच्या पडद्यात भोक पाडतात. या छिद्राचा सर्वांत अरुंद भाग १.४ नॅनोमीटरचा आहे, आणि प्रत्येक छिद्र अणुरेणूपर्यंत हुबेहूब दुसऱ्यासारखं असतं. माणसाच्या हातून इतकी अचूक नक्कल होत नाही. पुढे एमएसपीए हे मायकोबॅक्टेरियममधलं प्रथिन आलं. त्याची अरुंद जागा जेमतेम अर्धा नॅनोमीटर लांब आहे. नंतर ई. कोलायमधलं सीएसजीजी आलं. या प्रथिनांची रचना जनुकात बदल करून हवी तशी घडवता येते, हा मोठा फायदा.

दुसरी वाट घन पदार्थात छिद्र पाडण्याची. हार्वर्डमध्ये २००१ साली आयनांच्या झोताने सिलिकॉन नायट्राइडच्या पडद्यात नॅनोमीटर मापाचं छिद्र घडवलं. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा झोत वापरून छिद्राची रुंदी डोळ्यांसमोर कमी-जास्त करून दाखवली. पण एवढं महाग उपकरण प्रत्येक प्रयोगशाळेत कुठून असणार? २०१४ साली ओटावाच्या गटाने सोपा मार्ग दिला. पडदा द्रावणातच ठेवायचा, दोन्ही बाजूंना विजेचा दाब वाढवत न्यायचा, आणि पडदा एका बिंदूवर फुटला की त्याच क्षणी दाब काढून घ्यायचा. छिद्र तयार. माझ्या मते या क्षेत्राचं दार सर्वांना उघडून देणारं पाऊल हेच. याचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही.

ग्रॅफीन तर एका अणूच्या जाडीचं असतं. मग तेच सर्वांत चांगलं नाही का?

२०१० साली तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी ग्रॅफीनमधल्या छिद्रातून डीएनए नेऊन दाखवला, तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. बेस म्हणजे डीएनएच्या साखळीतली चार प्रकारची अक्षरं, त्यांचा क्रम वाचणं म्हणजेच डीएनए वाचणं. लगतच्या दोन बेसमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर, ग्रॅफीनची जाडीही तेवढीच. हिशेब कागदावर चोख बसतो.

अडचण अशी की विजेचा रोध फक्त पडद्याच्या जाडीपुरता नसतो. आयनांना आजूबाजूच्या द्रावणातून छिद्राच्या तोंडाशी गोळा व्हावं लागतं आणि पलीकडे पुन्हा पांगावं लागतं. तिथेही रोध असतो. पडदा जितका पातळ, तितका एकूण रोधात या तोंडाकडच्या रोधाचा वाटा मोठा. शेवटी जिथे रेणूची दखल घेतली जाते तो पट्टा पडद्याच्या जाडीएवढा न राहता छिद्राच्या रुंदीएवढा होतो. म्हणजे एकाच वेळी अनेक बेस मोजले जातात. शिवाय ग्रॅफीनमधला विजेचा गोंगाट (प्रवाहातले नकोसे चढउतार) जास्त आणि डीएनए त्याला चिकटतोही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या अतिपातळ पदार्थाचा थर या बाबतीत बरा निघाला.

डीएनए आपण होऊन त्या छिद्रात जातो?

जातो, पण आधी त्याला छिद्राजवळ यावं लागतं. द्रावणात लांब डीएनए गुंडाळीसारखा पडलेला असतो. रेणूंच्या सततच्या धडकांनी तो भटकत भटकत तोंडाजवळ येतो. विजेचा दाब जवळजवळ सगळा छिद्राच्या लांबीतच उतरतो, त्यामुळे बाहेर लांबवर विद्युतक्षेत्र अगदी क्षीण असतं आणि आत प्रचंड. १२० मिलिव्होल्ट हा आकडा किरकोळ वाटतो. पण तो ५ नॅनोमीटरवर पडला तर क्षेत्र मीटरमागे सुमारे अडीच कोटी व्होल्टचं होतं. डीएनएवर ऋण प्रभार असतो, म्हणून तोंडाच्या जवळपास आला की तो धन बाजूकडे ओढला जातो.

तरीही तो लगेच शिरत नाही. गुंडाळीचं एक टोक सापडून ते सरळ व्हावं लागतं, आणि मोकळ्या द्रावणात वाट्टेल तसं वळण्याची मुभा सोडून एका ओळीत उभं राहणं रेणूला महागात पडतं. सुईत दोरा ओवताना टोक सापडेपर्यंतच काय तो वेळ जातो, तसंच इथे होतं. प्रयोगात दिसणाऱ्या अनेक छोट्या घटा म्हणजे डीएनएने तोंडाशी येऊन परत फिरणं असतं. त्या मोजणीतून वगळाव्या लागतात. एकदा शिरल्यावर मात्र जोर भक्कम असतो. दुपदरी डीएनएवर घन छिद्रात दर मिलिव्होल्टमागे सुमारे ०.२४ पिकोन्यूटन बल मोजलं गेलं आहे. १०० मिलिव्होल्टला २४ पिकोन्यूटन म्हणजे एका रेणूच्या मानाने चांगलीच ओढ.

१९९६ मध्येच डीएनए छिद्रातून नेला होता. मग वाचायला इतकी वर्षं का लागली?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. याचं उत्तर आकड्यांतच समजतं.

१९९६ साली कासियानोविझ, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनी आरएनए आणि डीएनएच्या एकपदरी साखळ्या अल्फा-हिमोलायसिनमधून जातात हे दाखवलं. साखळी जितकी लांब, तितका वेळ प्रवाह खाली. डेव्हिड डीमर यांनी ही कल्पना १९८९ मध्येच वहीत टिपून ठेवली होती. प्रत्येक बेसची जाडी वेगळी, तर प्रत्येकाने प्रवाह वेगवेगळा अडवायला हवा, असा साधा तर्क.

आता आयन मोजू. छिद्र मोकळं असताना १२० पिकोअँपिअरचा प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे ७५ कोटी आयन. ऐकायला भरपूर. पण डीएनएची साखळी नुसत्या विजेच्या ओढीने जाते तेव्हा एक बेस छिद्रात थांबतो एक ते काही मायक्रोसेकंद. एका मायक्रोसेकंदात मोकळ्या छिद्रातूनही फक्त ७५० आयन जातात. साखळी आत असताना प्रवाह बराच घटलेला असतो, तेव्हा जेमतेम शंभरेक. हे आयन एकसारख्या अंतराने येत नाहीत. कोणत्याही अशा मोजणीत संख्येच्या वर्गमुळाएवढा चढउतार आपोआप येतो. शंभराला दहा. समजा एका बेसमुळे शंभर आयन जातात आणि दुसऱ्यामुळे पंचाण्णव. दहाच्या चढउतारात पाचाचा फरक ओळखायचा कसा? उपकरण कितीही उत्तम आणा, मोजायला आयनच पुरेसे नाहीत. वर ॲम्प्लिफायरचा गोंगाट वेगळा. मायक्रोसेकंदाच्या वेगाने मोजायला गेलं की तो झपाट्याने वाढतो.

म्हणून छिद्र आणखी अरुंद करून किंवा उपकरण आणखी संवेदनशील करून हा प्रश्न सुटणारच नव्हता. रेणूला थांबवणं एवढा एकच उपाय होता. जवळपास दीड दशक हे क्षेत्र त्याच्याच शोधात होतं. द्रावण थंड करून पाहिलं, घट्ट करून पाहिलं, क्षार बदलून पाहिले. वेग कमी झाला, पण हवा तितका नाही. काही उपायांत डीएनएबरोबर आयनही मंदावले, म्हणजे हाती फारसं काही लागलं नाही.

मग शेवटी वेग आवरला कसा?

एन्झाइमने. पेशीत डीएनएवरून एकेक बेस पुढे सरकणारी यंत्रणा निसर्गाने करून ठेवलेलीच आहे. २०१२ साली दोन गटांनी फाय-२९ नावाच्या डीएनए पॉलिमरेजला, म्हणजे डीएनएची प्रत काढणाऱ्या एन्झाइमला, छिद्राच्या तोंडाशी बसवलं. एन्झाइम छिद्रापेक्षा मोठं, त्यामुळे ते आत जात नाही, तोंडावरच अडकून राहतं. वीज साखळीला खाली ओढते, एन्झाइम तिला एकेका बेसच्या टप्प्याने सोडतं. आज बाजारात असलेल्या यंत्रांत हेच काम हेलिकेज प्रकारची (डीएनएचे दोन पदर उलगडणारी) एन्झाइम करतात, सेकंदाला सुमारे ४०० बेसच्या गतीने.

पुन्हा तोच हिशेब करू. आता एक बेस अडीच मिलिसेकंद थांबतो. साखळी आत असताना ६० पिकोअँपिअर प्रवाह धरला तर तेवढ्या वेळात ९ लाखांहून अधिक आयन जातात आणि चढउतार हजाराच्या आत राहतो, म्हणजे हजारात एक. पूर्वी दहात एक होता. छिद्र तेच, वीज तीच, फक्त वेळ वाढला आणि न वाचता येणारी गोष्ट वाचता येऊ लागली. मला या संशोधनातलं सर्वांत सुंदर वळण हेच वाटतं, कारण उत्तर मिळालं ते वेगाच्या उलट दिशेला जाऊन.

प्रवाहाच्या रेघेवरून अक्षरं कशी ओळखतात?

एका वेळी छिद्राच्या अरुंद भागात एकच बेस नसतो, पाच-सहा तरी असतात. म्हणून प्रवाहाची प्रत्येक पातळी म्हणजे एका छोट्या गटाची खूण. चार बेसचे पाच-पाचचे गट करायचे तर १,०२४ प्रकार होतात, आणि त्यांच्या पातळ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. साखळी एका बेसने सरकली की गटातला एक सदस्य जातो, एक नवा येतो. शेजारच्या गटांची अशी साखळी जुळवून मूळ क्रम काढतात. पूर्वी हे काम सांख्यिकी प्रतिमानं करत, आता न्यूरल नेटवर्क करतात.

चुका होतात का?

होतात, पण पूर्वीइतक्या नाहीत. २०१४ मध्ये मिनायन हे हातात मावणारं यंत्र निवडक संशोधकांकडे गेलं तेव्हा चुकांचं प्रमाण बरंच होतं. आताच्या रसायनांनी एका वाचनातली अचूकता ९९ टक्क्यांच्या पुढे नेली आहे. चुका जास्त होतात त्या एकच बेस सलग अनेकदा येतो तिथे. सात 'ए' ओळीने आले तर गट बदलतच नाही, प्रवाह एका पातळीवर राहतो, आणि सात होते की आठ हे केवळ वेळेवरून ठरवावं लागतं. एन्झाइमचं प्रत्येक पाऊल सारख्या वेळाचं नसतं, त्यामुळे घोळ होतो. यावर उपाय म्हणून छिद्रात एकाखाली एक दोन अरुंद जागा असलेली रचना आली.

एवढा खटाटोप कशासाठी? डीएनए वाचायची दुसरी यंत्रं आहेतच की.

आहेत आणि ती उत्तमही आहेत. पण सर्वाधिक वापरातली यंत्रं डीएनएचे काहीशे बेसचे तुकडे वाचतात. नॅनोपोरला लांबीचं बंधन नाही. साखळी न तुटता छिद्रापर्यंत आली तर ती सगळी वाचली जाते. २० लाख बेसपेक्षा लांब एकसंध वाचनं झालेली आहेत. मानवी जीनोमचा, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएचा, सुमारे ८ टक्के भाग अनेक वर्षं कोराच राहिला होता, कारण तिथे एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो आणि छोट्या तुकड्यांवरून त्याची जुळणी होत नाही. २०२२ मध्ये तो भाग पूर्ण झाला त्यात या लांब वाचनांचा मोठा वाटा होता.

दुसरं, नॅनोपोर मूळ रेणूच वाचतो, त्याची प्रत काढून नाही. डीएनएवर पेशीने लावलेल्या मिथाइलच्या खुणा प्रत काढताना पुसल्या जातात. इथे त्या प्रवाहात थेट दिसतात. आरएनएही सरळ वाचता येतो.

तिसरं, यंत्र लहान आहे. २०१५ मध्ये गिनीत इबोलाची साथ चालू असताना ही यंत्रं तिथे नेऊन नमुना मिळाल्यापासून २४ तासांच्या आत विषाणूचा क्रम काढला जात होता. २०१६ मध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात डीएनए वाचला. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या नेतृत्वाखालील चमूने एका रुग्णाचा जीनोम ५ तास २ मिनिटांत वाचून काढला. दुर्मीळ जनुकीय आजारांच्या रुग्णांसाठी, विशेषतः अतिदक्षता विभागातल्या, आठवड्यांऐवजी तास लागणं ही फार मोठी गोष्ट आहे.

सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान. मग पोटॅशियमच्या वाहिनीतून सोडियम का जात नाही?

कारण वाहिनी चाळणीसारखं काम करतच नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये केसीएसए या जीवाणूतल्या वाहिनीची रचना दाखवली तेव्हा हे कोडं उलगडलं. द्रावणात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. ते कडं उतरवायला ऊर्जा लागते. वाहिनीच्या अरुंद भागात प्रथिनाचे ऑक्सिजन अणू अशा अंतरावर मांडलेले आहेत की पोटॅशियमला पाण्याऐवजी ते तंतोतंत पुरतात, त्यामुळे कडं सोडताना त्याचा तोटा होत नाही. सोडियमची त्रिज्या ०.१ नॅनोमीटरच्या आत, पोटॅशियमची ०.१३३. एवढ्या फरकाने सोडियमला ते ऑक्सिजन नीट मिळत नाहीत आणि तो आपलं पाणी सोडायला तयार होत नाही. हजारो पोटॅशियम गेले तर एखादा सोडियम निसटतो.

आणि हे सगळं सेकंदाला १० कोटी आयन इतक्या वेगाने. एवढी निवड करायची तर वेग मंदावेल अशी आपली अपेक्षा असते. इथे आत ओळीने बसलेले आयन एकमेकांना ढकलत पुढे जातात. घन छिद्रांमध्ये आम्ही अजून याच्या जवळपासही पोचलेलो नाही.

पाण्याच्या वाहिन्या म्हणजे ॲक्वापोरिन. त्यांचं कामही तितकंच अचूक आहे. एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात, प्रोटॉन मात्र जात नाही. पीटर ॲग्रे यांना त्यासाठी मॅकिनन यांच्यासोबत २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पेशीच्या केंद्रकालाही छिद्रं असतात ना?

असतात, आणि ती या सगळ्यांहून वेगळी आहेत. आठ बाजूंनी सारखी दिसणारी, तीसेक प्रकारच्या प्रथिनांची ही भलीमोठी रचना आहे. मधला रस्ता रिकामा नाही, त्यात प्रथिनांचे सैल धागे भरलेले आहेत. लहान रेणू त्यातून सहज पार होतात, साधारण ४० किलोडाल्टनपुढच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) रेणूंना अडथळा वाढत जातो. पण योग्य वाहक प्रथिन सोबत असेल तर कितीतरी मोठा रेणूही पार होतो, कारण वाहक त्या धाग्यांना हलकेच चिकटत-सुटत जातो. चिकटल्याने वेग वाढतो, हे ऐकायला उलटं वाटतं. घन छिद्रांच्या भिंतींना तेच धागे जोडून हा परिणाम प्रयोगशाळेत पुन्हा घडवला गेला आहे.

इतक्या अरुंद जागेत पाणी पाण्यासारखंच वागतं का?

पूर्णपणे नाही. २०१६ मध्ये मँचेस्टरला राधा बोया, आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या दोन सपाट ठोकळ्यांमध्ये ग्रॅफीनच्या पट्ट्या ठेवून अवघ्या काही अणूंच्या उंचीचे मार्ग तयार केले. त्यातून पाणी सेकंदाला एक मीटरपर्यंतच्या वेगाने गेलं. गुळगुळीत भिंतीवर पाणी न चिकटता घसरतं. २०१८ मध्ये त्याच विद्यापीठात असं कोंडलेलं पाणी विजेच्या क्षेत्राला फारच कमी दाद देतं हे मोजलं गेलं. ही दाद सांगणारा आकडा म्हणजे पराविद्युत स्थिरांक. मोकळ्या पाण्याचा तो ८० च्या घरात असतो, इथे तो २ च्या आसपास उतरतो. आयन आणि भिंत यांच्यातलं आकर्षण यावरच अवलंबून असल्याने पुस्तकी सूत्रं इथे जपून वापरावी लागतात.

नॅनोपोरने समुद्राचं पाणी गोडं करता येईल? वीज बनवता येईल?

छोट्या प्रमाणावर दोन्ही दाखवलेलं आहे. ग्रॅफीनच्या एका थरातली बारीक छिद्रं मीठ अडवून पाणी जाऊ देतात. पण याने वीज प्रचंड वाचेल हा समज चुकीचा आहे. समुद्राच्या पाण्यातलं अर्धं पाणी गोडं करायचं तर घनमीटरमागे साधारण १ युनिट ऊर्जा निसर्गनियमानेच लागते, आणि आजच्या उत्तम उलट परासरण (आरओ) यंत्रणेचा मुख्य टप्पा दोनेक युनिटांत ते करतो. पाणी कितीही जलद जाऊ द्या, त्या मर्यादेखाली जाता येत नाही. फायदा होईल तो पडद्याचं क्षेत्रफळ कमी लागण्याचा आणि नकोसे पदार्थ अधिक नेमके अडवण्याचा.

विजेचं असं की भिंतीवर ऋण प्रभार असलेलं छिद्र धन आयनांना आवडीने जाऊ देतं. एका बाजूला खारं, दुसऱ्या बाजूला गोडं पाणी ठेवलं तर आयनांच्या विसरणातून प्रवाह मिळतो. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या अलेक्सांद्रा रादेनोविच यांच्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकाच छिद्रातून हे दाखवलं. प्रयोग अप्रतिम होता. पण एका छिद्राची शक्ती घेऊन तिला चौरस मीटरवरच्या छिद्रांनी गुणायचं, हा बातम्यांमधला हिशेब मला पटत नाही. छिद्रं दाटीने आली की शेजारी शेजाऱ्याच्या तोंडाजवळचा क्षार संपवतो आणि प्रत्येकाचा वाटा घटतो.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम कसं चालतं?

बराच वेळ रेणूंच्या आधीच्या गोष्टींत जातो. घन छिद्र आधी भिजवावं लागतं. कोरडं छिद्र पाण्याला आत घेत नाही, आत अडकलेला एखादा सूक्ष्म बुडबुडा प्रवाह अस्थिर करून ठेवतो. म्हणून चिप आधी तीव्र आम्लाच्या मिश्रणाने किंवा प्लाझ्माने स्वच्छ करतात आणि द्रावणातली हवा काढून टाकतात. सगळं उपकरण धातूच्या बंद पेटीत असतं, कारण भिंतीतल्या वायरचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट पिकोअँपिअरच्या मोजमापात स्पष्ट दिसतो. कुणी टेबलाला धक्का दिला तरी रेघेवर उमटतो.

मग दाब देऊन रेघ पाहायची. निरोगी छिद्राची रेघ सरळ आणि बारीक असते. ती जाड होऊन खालीवर डोलू लागली की भिंतीवर काहीतरी बसलंय. डीएनए टाकल्यावर पहिली घट येते तेव्हा रेघ एकदम खाली उतरते, क्षणभर सपाट राहते आणि वर उडी घेते. ती सपाट जागा कधी कधी दोन पायऱ्यांची असते, तेव्हा ओळखायचं की डीएनए दुमडून शिरलाय. कधी रेघ खाली जाते आणि तिथेच राहते, म्हणजे रेणू अडकला. तेव्हा दाब उलटा करून त्याला मागे ढकलतात. व्यावसायिक यंत्रही अडकलेल्या छिद्रांसाठी हेच करतं. काही वेळा छिद्र परत मोकळं होत नाही आणि नवी चिप घ्यावी लागते.

याच रीतीने प्रथिनंही वाचता येतील का?

हा सध्याचा सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि दर वर्षी तो थोडा पुढे सरकतो आहे. डीएनएमध्ये चार बेस, प्रथिनांत वीस अमिनो आम्लं. डीएनएवर सर्वत्र सारखा ऋण प्रभार, प्रथिनावर कुठे ऋण, कुठे धन, कुठे काहीच नाही, त्यामुळे नुसती वीज त्याला एका दिशेने ओढत नाही. शिवाय प्रथिनं घट्ट घडी घालून बसलेली असतात. ती उलगडल्याशिवाय छिद्रात जात नाहीत.

२०२१ मध्ये डेल्फ्टच्या गटाने प्रथिनाचा छोटा तुकडा डीएनएला जोडला आणि डीएनएवर चालणाऱ्या हेलिकेजकडून तो एकेक पाऊल एमएसपीएमधून ओढवून घेतला. एकच अमिनो आम्ल बदललं तरी प्रवाहात फरक दिसला, आणि तोच रेणू पुन्हा पुन्हा वाचून चूक जवळजवळ संपवता आली. २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने क्लपएक्स हे प्रथिन उलगडणारं एन्झाइम वापरून लांब साखळ्या छिद्रातून ओढून दाखवल्या. दोन्ही ठिकाणी उपाय ओळखीचाच आहे : रेणूला आवरणारं काहीतरी हाताशी हवं. अनोळखी प्रथिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणं अजून जमलेलं नाही. विशिष्ट प्रथिन ओळखणं, त्याच्यावरचा फॉस्फेटसारखा बदल टिपणं, हे त्याआधी हाताशी येईल असं मला वाटतं.

या क्षेत्रात यायचं तर काय शिकावं?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, यांपैकी कुठूनही या. आमच्याकडे सगळीकडून माणसं येतात. सांख्यिकी मात्र नीट यायला हवी, विशेषतः यादृच्छिक चाल आणि गोंगाटाचं विश्लेषण. कमी प्रवाहाच्या मोजमापाची सवय लागावी म्हणून पेशींवर पॅच-क्लॅम्प (नेहर-झाकमन यांचं एकेका वाहिनीचा प्रवाह मोजण्याचं तंत्र) करणाऱ्या प्रयोगशाळेत काही महिने काम करता आलं तर फार उपयोगी. सॉफ्टवेअर घटा आपोआप शोधून देतं, तरी सुरुवातीचे काही दिवस कच्ची रेघ मोठी करून स्वतः पाहा. कुठली घट रेणूची आणि कुठली बुडबुड्याची हे आधी डोळ्यांना कळायला लागतं, मगच सॉफ्टवेअरच्या मर्यादा कुठे ठेवायच्या ते ठरवता येतं.